टीव्ही घेण्याआधी लॅपटॉप तपासा

गुरुजी, मॅडम आणि मागच्या रांगेतले संगणक परिचालक भाऊ, आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘आमच्या गावात रेंजच नाही जी, बिनवायरची स्क्रीन कशी चालीन?’ चालते. लॅपटॉपचा पडदा बिनवायर टीव्हीवर दाखवायच्या पद्धतीला मिराकास्ट म्हणतात, आणि त्याला इंटरनेट लागतच नाही. लॅपटॉप आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टने थेट एकमेकांना जोडले जातात. मधे राउटर नाही, सिमकार्ड नाही. वाय-फायचे मानक ठरवणाऱ्या वाय-फाय अलायन्स या संस्थेने हे २०१२ मध्येच आणले. गुगलच्या क्रोमकास्टचे तसे नाही, त्यासाठी लॅपटॉप आणि क्रोमकास्ट दोघांना एकाच वाय-फायवर आणावे लागते. म्हणून डबीवर काय लिहिले आहे ते वाचूनच पैसे द्या.

खरी गोम असते लॅपटॉपमध्ये, आणि आपण खर्च करतो टीव्हीवर. विंडोज ८.१ किंवा पुढचे हवे, वाय-फाय कार्डाला वाय-फाय डायरेक्ट यायला हवे, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारे सॉफ्टवेअर, डब्ल्यूडीडीएम (विंडोजचे त्यासाठीचे मानक) १.३ किंवा त्यानंतरचा हवा. तिन्हींपैकी एक नसले की संपले. तपासायला मेकॅनिक नको. विंडोजचे बटण धरून आर दाबा, ‘डीएक्सडायग’ (dxdiag) टाइप करा, सगळी माहिती सेव्ह करा. त्या फाइलमध्ये वरच्याच भागात मिराकास्टची ओळ असते. पुढे ‘अव्हेलेबल’ असेल तर निश्चिंत. ‘नॉट’ दिसले तर आधी ड्रायव्हर अपडेट करून पाहा.

ग्रामपंचायतीतल्या डेस्कटॉपला बहुतेक वेळा वाय-फाय कार्डच नसते, तो केबलवर चालतो. त्याला यूएसबीचा स्वस्त वाय-फाय डोंगल लावला की नेट येते, पण मिराकास्ट येईलच असे नाही. दुकानदार ‘सगळं चालते’ म्हणतो. त्याला तिथेच लावून दाखवायला सांगा.

टीव्हीत मिराकास्ट नसेल तर एचडीएमआयमध्ये बसणारा रिसीव्हर मिळतो. त्याला वीज यूएसबीतून लागते. टीव्हीच्या यूएसबीतून ती कमी पडली की चित्र मधेच जाते. मोबाइलच्या चार्जरवर लावा. जुन्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर घ्यावा लागेल, आणि व्हीजीएतून आवाज जात नाही, स्पीकरची सोय वेगळी करा. आणि हो, लोडशेडिंग धरून चाला. टीव्ही इन्व्हर्टरवर आणि रिसीव्हर साध्या बोर्डावर, असे झाले तर टीव्ही चालू राहील, चित्र जाईल.

जुन्या मशीनवर व्हिडिओ अडखळतो, कारण लॅपटॉपला पडद्यावरचे चित्र क्षणोक्षणी दाबून, लहान करून पाठवावे लागते. ग्रामसभेत सातबारा किंवा जमाखर्च दाखवायचा तर काही अडत नाही. कवितेच्या व्हिडिओत ओठ आणि आवाज मागेपुढे होतात. दोन्हीकडे ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय असेल तर बराच फरक पडतो.

टेबल टीव्हीच्या शेजारी असेल तर माझे सरळ मत आहे, एचडीएमआय केबल घ्या आणि मोकळे व्हा. पण एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळत फिरणाऱ्या गुरुजींना बिनवायरची सोय खरोखर कामाची.

आता वीज आहे तोवर लॅपटॉप पुढे आणा. विंडोज ११ किंवा १० वाल्यांनी विंडोजचे बटण आणि के सोबत दाबा, आणि यादीत आपल्या या टीव्हीचे नाव कोणाकोणाला दिसते ते हात वर करून सांगा.