पाच रांगांखालून

नमस्कार श्रोतेहो. आज एका ब्रिटिश पाणबुडीबद्दल सांगणार आहे. तिचं नाव बी-११. इंग्लंडमध्ये बॅरो इथल्या व्हिकर्सच्या गोदीत ती बांधली गेली आणि १९०६ साली पाण्यात उतरली. लांबी सुमारे ४३ मीटर, नाकाशी टॉर्पेडो सोडायच्या दोन नळ्या, आत जेमतेम पंधरा-सोळा माणसं. पाण्याखाली बॅटरीवर चालायची, वर आली की पेट्रोलच्या इंजिनावर. हो, पेट्रोलच्या. बंद जागेत पेट्रोलची वाफ कोंडली की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा तिचं वय आठ वर्षं. पण त्या आठ वर्षांत पाणबुड्या इतक्या झपाट्याने सुधारल्या, की बी-११ जुनाट ठरली होती. माल्टाहून तिला तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडाशी आणलं. ही चिंचोळी वाट एजियन समुद्रातून मार्मारा समुद्रात जाते, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला इस्तंबूल. युद्धात ब्रिटनविरुद्ध उतरलेल्या तुर्कांनी या वाटेत सुरुंगांच्या, म्हणजे तळाशी साखळीने बांधलेल्या तरंगत्या स्फोटकांच्या, रांगा पेरल्या होत्या. किती? पाच. पाच रांगा, लक्षात ठेवा. वर दोन्ही काठांवर तोफा, आणि पाण्याची ओढ सतत समोरून.

१३ डिसेंबर १९१४. पहाटेचा अंधार. कप्तान लेफ्टनंट नॉर्मन हॉलब्रुक, वय २६. सुरुंगांच्या साखळ्या अडकू नयेत म्हणून पाणबुडीच्या पंखांना लोखंडी कठडे बसवले होते. बुडी मारली आणि बोट थरथरायला लागली. एक कठडा वाकून त्याचा आकडा झाला होता. म्हणजे साखळी चुकवायला बसवलेली वस्तूच साखळी पकडणार! हॉलब्रुकने शत्रूच्या तोंडावर बोट वर आणली, माणसांनी तो आकडा काढून टाकला आणि पुन्हा बुडी.

मग खोल पाण्यातून, त्या पाच रांगांखालून, बोट पुढे सरकत राहिली. मधूनमधून वर येऊन पेरिस्कोपमधून पाहायचं, पुन्हा खाली जायचं. असं करत आत गेल्यावर दिसली मेसुदिये. तुर्कांची जुनी युद्धनौका, १८७४ साली लंडनमध्ये बांधलेली, सुरुंगांच्या राखणीला नांगर टाकून उभी. हॉलब्रुकने टॉर्पेडो सोडला. तो लागला. मेसुदियेवरच्या माणसांनी बुडतानाही तोफा डागल्या, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. दहाएक मिनिटांत जहाज उलटलं. ३७ माणसं गेली. आत अडकलेल्यांना तळाला भोकं पाडून बाहेर काढावं लागलं.

आणि आता खरी परीक्षा. परत कसं जायचं? या बोटीचं होकायंत्र बाहेरच्या बाजूला होतं, आणि भिंगांमधून आत पाहावं लागे. गरम चहा ओठांशी नेला की चष्मा धुरकटतो, तशी ती भिंगं धुरकटली. सुकाणूवाल्याला दिशा दिसेना. बोट उथळ पाण्यात तळाला घासली, मनोरा पाण्याबाहेर आला, काठावरून गोळे यायला लागले. हॉलब्रुकने पेरिस्कोपमधून पाहिलं, एका बाजूला मोकळं क्षितिज दिसत होतं. तोच समुद्र, असा अंदाज बांधला आणि बोट तिकडे वळवली. घासत, धडपडत खोल पाणी गाठलं. पुन्हा त्याच पाच रांगांखालून बाहेर. पाण्याखाली सुमारे नऊ तास! वर आल्यावर पेट्रोलचं इंजिन चालू होईना, कारण आतल्या हवेत प्राणवायूच उरला नव्हता. झडप उघडून ताजी हवा खेळवली, तेव्हा कुठे इंजिन धडधडलं.

हॉलब्रुकला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पाणबुडीवाल्याला मिळालेलं पहिलंच. दुय्यम अधिकारी सिडनी विन यालाही पदक, आणि बोटीवरच्या प्रत्येक खलाशाला पदक. प्रत्येकाला! हे मला फार आवडतं. इंजिनाशी बसलेला आणि सुकाणू धरलेला माणूस चुकला असता, तर कप्तान काय करणार होता? आपल्याकडेही कुठल्याही कामात बक्षीस वाटताना साहेबाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचं नाव आधी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

तुर्कांनीही हार मानली नाही. मेसुदियेच्या तोफा पाण्यातून काढून काठावर बसवल्या, आणि पुढच्या वर्षीच्या लढाईत त्या दोस्त राष्ट्रांच्या जहाजांवर चालल्या.

बी-११ चं काय झालं? १९१७ मध्ये तिची गस्तीची बोट केली, आणि १९१९ मध्ये विकून टाकली. अशी बोट जपून ठेवायला हवी होती. आपली जुनी विमानवाहू नौका विक्रांतही मुंबईतून २०१४ साली मोडीत गेली, त्याची हळहळ अजून वाटते. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी मात्र किनाऱ्यावर आणून संग्रहालय केलं आहे. तिकडे गेलात तर आत शिरून अवश्य पाहा. मुलांना घेऊन जा.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये समुद्रापासून खूप आत जर्मनटन नावाचं गाव होतं. युद्धात जर्मन नाव नकोसं झालं, म्हणून १९१५ मध्ये गावाने नाव बदललं आणि हॉलब्रुक ठेवलं. पुढे हॉलब्रुक स्वतः तिथे जाऊन आले. १९७६ साली त्यांचं निधन झालं. नंतर ऑस्ट्रेलियन नौदलाची ऑटवे पाणबुडी निवृत्त झाली, तेव्हा तिचा सांगाडा आणायला त्यांच्या पत्नीने गावाला एक लाख डॉलर दिले. सिडनीहून मेलबर्नला जाणारा महामार्ग २०१३ पर्यंत ज्या गावातून जायचा, त्या गावात, बागेतल्या हिरवळीवर, ती पाणबुडी आज उभी आहे.