चाळीस वर्षांच्या तडजोडी : अमेरिकेतील गुलामगिरी आणि यादवीकडे नेणारी वाट

अमेरिकेच्या नकाशावर एक आडवी रेघ डोळ्यांसमोर आणा. ३६ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांश. फ्रान्सकडून विकत घेतलेल्या पश्चिमेकडील अफाट मुलखात या रेघेच्या वर गुलामगिरीला बंदी राहील, असे अमेरिकेच्या संसदेने १८२० साली ठरवले. अपवाद केला तो एकट्या मिसुरीचा. हे राज्य रेघेच्या वर असूनही गुलामधारक राज्य म्हणूनच संघात घेतले गेले आणि पारडे समान राहावे म्हणून मेन हे मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेले, राज्य त्याच्या जोडीला आणले गेले. तोवर उत्तरेतली अकरा राज्ये मुक्त होती आणि दक्षिणेतली अकरा गुलामधारक. संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे मोजायची, अशी सवलत राज्यघटनेने दक्षिणेला दिली होती. तरीही लोकसंख्येवर चालणाऱ्या या सभागृहात उत्तर पुढे निघून गेली होती. म्हणून दक्षिणेची सारी भिस्त सिनेट या दुसऱ्या सभागृहावर होती, कारण तिथे लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा होत्या.

गुलामगिरी हळूहळू आपोआप आटेल, असे मानणारी माणसे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत दक्षिणेतही होती. हा अंदाज कापसाने खोटा पाडला. १७९३ साली ईलाय व्हिटनीने तयार केलेल्या यंत्रामुळे कापसातली सरकी झपाट्याने सुटू लागली, पण वेचणी मात्र हातानेच करावी लागत होती. त्यामुळे लागवड जितकी वाढली, तितके वेचणारे हातही जास्त लागले. १७९० च्या शिरगणतीत सात लाखांच्या आसपास असलेले गुलाम १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेले. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी होती, म्हणून व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून माणसे विकून मिसिसिपी-अलाबामाच्या मळ्यांवर धाडली जाऊ लागली. आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्यावर, हे नित्याचे झाले. ‘कापूस हाच राजा’ असे साउथ कॅरोलायनाच्या जेम्स हॅमंडने १८५८ साली सिनेटमध्ये बजावले, ते याच जोरावर. (पुढे यादवी युद्धात हा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि इथल्या बाजारात पैशाचा पूर आला.)

उत्तरेतले सगळेच गोरे गुलामांच्या कळवळ्याने पेटलेले होते, असे मात्र समजू नये. गुलामगिरी मुळातून नष्ट करा म्हणणारे तिथेही थोडेच होते, आणि अनेक मुक्त राज्यांत कृष्णवर्णीयांना मताचा हक्क नव्हता. बहुसंख्यांची चिंता वेगळी होती : नव्या मुलखातली जमीन स्वतः राबणाऱ्या शेतकऱ्याला मिळणार की गुलाम राखणाऱ्या मळेवाल्याला? १८४८ साली मेक्सिकोशी झालेले युद्ध संपले, पॅसिफिकपर्यंतचा मुलूख हाती आला आणि हा प्रश्न टाळणे अशक्य झाले.

१८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले. त्या बदल्यात दक्षिणेने फरारी गुलामांचा कडक कायदा पदरात पाडून घेतला. पकडलेल्या माणसाला ज्युरी मिळणार नव्हती आणि स्वतःच्या बाजूने साक्षही देता येणार नव्हती. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला, माणूस मालकाच्या हवाली केल्यास दहा डॉलर आणि सोडून दिल्यास पाच डॉलर फी होती. कागदपत्रे जास्त लागतात, असे याचे समर्थन केले जाई. न्यायाचा भाव यापेक्षा उघडपणे क्वचितच लिहिला गेला असेल. शिवाय, मदतीला बोलावल्यास साध्या नागरिकानेही गुलाम पकडण्यासाठी धावून जाणे बंधनकारक होते.

१८५४ च्या मे महिन्यात व्हर्जिनियातून पळून आलेला अँथनी बर्न्स बॉस्टनमध्ये पकडला गेला. त्याच्या सुटकेसाठी जमावाने न्यायालयावर चाल केली, त्यात एक पहारेकरी मारला गेला. २ जूनला शेकडो सैनिकांच्या गराड्यात त्याला बंदरावर नेले, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते आणि इमारतींवर काळी कापडे टांगलेली होती. गुलामगिरी हा दूरच्या दक्षिणेचा घरगुती मामला आहे, असे मानणाऱ्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी ती त्या दिवशी आपल्याच गल्लीतून जाताना पाहिली.

त्याच आठवड्यात सिनेटर स्टीफन डग्लस यांचा कॅन्सस-नेब्रास्का कायदा मंजूर झाला. १८२० ची रेघ पुसली गेली आणि गुलामगिरीचा निर्णय त्या त्या मुलखातल्या रहिवाशांच्या मतावर सोपवला गेला. कागदावर हे लोकशाहीचेच वाटते. प्रत्यक्षात १८५५ च्या कॅन्ससच्या निवडणुकीत मतदार तीन हजारांच्या आत आणि पडलेली मते सहा हजारांवर, असा प्रकार घडला, कारण मिसुरीतून हत्यारबंद टोळ्या मतदानाला आल्या होत्या. वर्षभरात तिथे जाळपोळ आणि खून सुरू झाले. ते लोण सिनेटमध्येही पोचले : २२ मे १८५६ रोजी साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांना सभागृहातच काठीने झोडपले. समनर यांचे पाय जमिनीला ठोकलेल्या मेजाखाली अडकले होते. सुटण्याच्या धडपडीत त्यांनी ते मेज उखडले, आणि ब्रुक्स यांची काठी मोडली. समनर यांना सावरायला तीन वर्षे लागली. ब्रुक्स यांना मात्र दक्षिणेतून भेट म्हणून नव्या काठ्या आल्या आणि त्यांच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले.

१८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सांगितले की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि नव्या मुलखात गुलामगिरी रोखण्याचा अधिकार संसदेला नाही. तडजोडीला जागाच उरली नाही. १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याने गुलामांना उठवण्यासाठी व्हर्जिनियातील हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला आणि गुलामांच्या उठावाच्या भीतीने दक्षिण हादरली.

१८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष उत्तर-दक्षिण असा दुभंगला आणि गुलामगिरीचा विस्तार रोखू म्हणणारे अब्राहम लिंकन सुमारे चाळीस टक्के मतांवर अध्यक्षपदी निवडून आले. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाने मतपत्रिकाच नव्हत्या. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघातून बाहेर पडले आणि फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत त्यामागून आणखी सहा राज्ये गेली. भांडण राज्यांच्या हक्कांचे होते, असे आजही सांगितले जाते. पण साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यातली मोठी तक्रारच ही, की उत्तरेतली राज्ये स्वतःचे कायदे करून फरारी गुलाम परत देत नाहीत. मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप असल्याचे लिहूनच दिले.

१२ एप्रिल १८६१ रोजी फुटलेल्या राज्यांच्या सैन्याने चार्ल्स्टन बंदरातील फोर्ट सम्टर या संघाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि यादवी सुरू झाली. लिंकन यांनी पंचाहत्तर हजार स्वयंसेवक मागताच आणखी चार राज्ये फुटली. मिसुरी, केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामधारक राज्ये संघातच राहिली. व्हर्जिनिया तर आतूनच चिरले : पश्चिमेकडचे डोंगराळ जिल्हे, जिथे मोठे मळे नव्हते आणि गुलाम मोजकेच होते, ते वेगळे झाले आणि १८६३ साली वेस्ट व्हर्जिनिया या नावाने संघात दाखल झाले.