पवनेवरची माशी

(दृश्य: पहाटेचा उजेड. मागे तिकोना, खाली दगडांमधून वाहणारी नदी.)

मे महिना. मावळातले ओढे आटलेत, विहिरींनी तळ गाठलाय, आणि तरी पवना खळाळतेय. हे पाणी गेल्या पावसाळ्याचं. धरणात साठवलेलं. पिंपरी-चिंचवडसाठी ते नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात. म्हणजे धरण ते रावेत एवढ्या टप्प्यात नदीचं पात्र हीच शहराची जलवाहिनी आहे. हेच पाणी बंद नळातून थेट धरणातून नेण्याची योजना होती. तिच्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. उन्हाळ्यातल्या या वाहत्या पाण्याची किंमत मावळाला ठाऊक आहे.

काठावरची शेती, जनावरांचे पाणवठे आणि पाण्यातले मासे या वाहण्यावर जगतात. भर उन्हाळ्यात इथे फ्लाय फिशिंग, म्हणजे कृत्रिम माशीने मासेमारी, करता येतं, तेही याच वाहण्यामुळे.

(दृश्य: बोटाच्या पेरावर ठेवलेली काळी, केसाळ कृत्रिम माशी.)

नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, शिसं बांधतात आणि त्या वजनाच्या जोरावर गळ लांब जातो. इथे टोकाला असते ती दोरा आणि पीस गुंडाळून केलेली माशी, आणि तिला वजनच नसतं. फुंकर मारली तर उडून जाईल. मग ती पन्नास फुटांवर जाते कशी? तर वजन दोरीत असतं. या दोरीला फ्लाय लाइन म्हणतात, आणि नंबर असतो तो तिच्या वजनाचा. पाच नंबरच्या लाइनचे पहिले तीस फूट साधारण नऊ ग्रॅम भरतात. काठी वाकते ती या दोरीच्या वजनाने, आणि सरळ होताना दोरीला पुढे फेकते. माशी नुसती मागोमाग जाते.

ही कला वाढली ती ट्राउट माशाभोवती. ट्राउट थंड पाण्यातला. दहा ते सोळा अंश सेल्सियसला तो सुखात असतो, वीसच्या वर पाणी गेलं की त्याला जड जातं. म्हणून आपल्या देशात तो काश्मीरमध्ये, हिमाचलच्या तीर्थन नदीत, निलगिरीच्या डोंगरात आहे, आणि तिथेही इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेला. पवनेत तो नाही आणि सोडला तरी जगणार नाही. पण ट्राउटसारखं वागणारे मासे इथे आहेत.

(दृश्य: पाण्याखाली, धारेकडे तोंड करून स्थिर उभा असलेला लहान चंदेरी मासा.)

हा बॅरिलियस. वीतभरही नाही, पण अंगावर उभे निळसर पट्टे. धावत्या पाण्यात धारेकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारा किडा पृष्ठभागावरून टिपतो. गावोगावी याचं नाव बदलतं. त्याच्याबरोबर तळाच्या दगडांना चिकटून शेवाळ खाणारा मल्या असतो, पण तो माशीला सहसा विचारत नाही. संथ पाण्यात चिलापी. आणि नशीब असेल तर महाशीर. दख्खनचा महाशीर शास्त्राच्या पुस्तकात गेला तो पुण्यामुळेच. इंग्रज निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचं नाव, खुद्री, तसंच उचलून ठेवलं. मल्याचं नावही त्यांनी असंच घेतलं.

(दृश्य: दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडताना.)

उन्हाळ्यात पहिलं काम काठी जोडण्याचं नाही. पहिलं काम थर्मामीटरचं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पंधरा अंशाला लिटरमागे साधारण दहा मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात. मासा मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतो. ही ओढाताण ज्याला कळली त्याला मे महिन्यात मासा कुठे असेल ते शोधावं लागत नाही. जिथे पाणी फुटतं, तिथे तो असतो. दगडावरून घसरणारी धार, खळाळाच्या शेवटी पांढरा फेस विरतो ती जागा, बंधाऱ्याखालचं उकळल्यासारखं पाणी.

एक गोष्ट नवख्यांना फसवते. धरणाच्या लगेच खाली पाणी हाताला गार लागतं, म्हणून सगळे तिथेच जातात. खोल थरातून आलेलं पाणी गार असतं खरं, पण उन्हाळ्यात धरणाच्या तळाशी प्राणवायू कमी असतो. दोन-चार खळाळ ओलांडले की त्या पाण्यात हवा मिसळते. गार आणि हवेशीर, दोन्ही जुळतं ते थोडं खाली. शिवाय भिंतीजवळ जायला बंदी असते, आणि धरणाच्या जलाशयात मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो. नदीकाठीही आधी गावात विचारावं, मत्स्यव्यवसाय विभागाकडे चौकशी करावी, स्थानिक मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहावं.

बेबडओहोळपासून पुढे गहुंजेकडे पाणी संथ होत जातं. रावेतजवळ जलपर्णी माजते आणि तिथे माशी टाकण्यात अर्थ उरत नाही.

(दृश्य: काठीचे चार तुकडे जोडताना. रिळातून पोपटी दोरी ओढली जातेय.)

काठी नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरची. लहान ओढावजा पाण्यात साडेसात फुटी तीन नंबरची जास्त गोड चालते. दोरी तरंगणारी. तिच्यापुढे नऊ फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे नायलॉनचा तंगूस, आणि टोकाला त्याचाच सर्वात बारीक तुकडा, पाच एक्स टिपेट. एक्सचा आकडा वाढला की तंगूस बारीक होतो. अकरातून तो आकडा वजा केला की जाडी एक इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. पाच एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, म्हणजेच ०.१५ मिलिमीटर. चिलापीसाठी तीन एक्स हवं, ते ०.२० मिलिमीटर.

माशी बांधायला साध्या क्लिंच गाठीचा सुधारलेला प्रकार पुरतो. टोक गळाच्या डोळ्यातून, म्हणजे दोरा ओवायच्या छिद्रातून काढा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आत, मग जो मोठा फासा तयार झाला त्यातून बाहेर. आवळायच्या आधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मासा सुटला की तुटलेलं टोक बघावं. ते डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली. सरळ कापल्यासारखं असेल तर तंगूस दगडावर घासला, किंवा वाऱ्याने त्यात गाठ पडली होती. अशी एक बारीकशी गाठही तंगुसाची ताकद जवळपास निम्म्यावर आणते. दर दहा-पंधरा फेकींनी टिपेट बोटांमधून ओढून पाहणं म्हणूनच गरजेचं.

(दृश्य: टेबलावर शिकंजा, काळा दोरा, फोमचा तुकडा. कॅमेरा अगदी जवळ.)

उन्हाळ्याची माशी म्हणजे मुंगी. काठावरच्या झाडांवरून मुंग्या पाण्यात पडतच असतात. गळ चौदा नंबरचा, त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा आधी पकडीने दाबून सपाट करायचा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी दोन मिलिमीटर जाडीची काळी फोम शीट घ्या. गळाच्या तोंडाइतकी रुंद पट्टी कापा. काळा दोरा डोळ्यापासून वाकापर्यंत गुंडाळत न्या, तिथे पट्टीचं टोक बांधा. पट्टी पुढे दुमडा आणि मधोमध आवळा. मागचा फुगवटा म्हणजे मुंगीचं पोट. आता कमरेवर गावठी कोंबड्याच्या मानेचं एक पीस, तीन वेढे, बस. हे पाय. पट्टी पुन्हा पुढे दुमडून डोक्यापाशी बांधा, जास्तीचा फोम कापा, गाठ मारा.

चूक होते ती दोन ठिकाणी. डोक्याशी दोरा इतका गुंडाळतात की गळाचा डोळाच बुजतो. डोळ्यामागे दोन मिलिमीटर जागा सुरुवातीपासून मोकळी ठेवली की हे होत नाही. दुसरं, दोरा फार जोरात ओढला की फोम कापला जातो. पहिला वेढा हलका, दुसरा त्याहून घट्ट, तिसरा पूर्ण. कंबर बारीकच हवी. माशाला खालून दिसते ती आकृती, आणि मुंगीची खूण म्हणजे तिची कंबर.

(दृश्य: काठावर वाकून चालणारी आकृती. पुढे पाण्यावर लांब सावली.)

पवना पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. मासे धारेकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात, म्हणून त्यांच्या मागून, प्रवाहाच्या उलट दिशेने चढत जायचं. पण सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो. साडेसहाला माणसाची सावली पन्नास-साठ फूट लांब पडते आणि ती थेट माशांवरून जाते. सावली हलली की खळाळ रिकामा. उपाय एकच: सरळ मागून जायचं नाही. बाजूच्या काठाने, सावली पाण्यावर न पडता कोरड्यावर पडेल असं उभं राहायचं आणि तिरकी फेक करायची. गुडघ्यावर बसलात तर आणखी बरं.

संध्याकाळी सूर्य समोर येतो, सावलीचा प्रश्न मिटतो, पण पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. तेव्हा लीडर दोन फुटांनी आखूड करावा आणि पुढची फेक खाली, पाण्यालगत थांबवावी. नवखा माणूस वाऱ्यात जोर लावतो. जोराने काठीचं टोक गोल फिरतं, दोरीचा फास रुंद होतो आणि वारा त्याला अलगद परत आणून टाकतो.

फेकीत जोर कमी आणि थांबा जास्त. काठी मागे, घड्याळातल्या एकच्या जागी खट्कन थांबवा. दोरी मागे उलगडेपर्यंत थांबा. तीस फुटांना एक श्वास, पन्नासला थोडा जास्त. मग पुढे, अकराच्या जागी पुन्हा खट्कन. मागची दोरी उलगडायच्या आधी पुढे ओढली तर चाबकासारखा आवाज येतो. तो आवाज म्हणजे माशी तुटून गेली.

(दृश्य: पृष्ठभागावर तरंगणारी मुंगी. तिच्या मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ उमटते.)

ही रेघ नीट बघा. मुंगी पाण्यात पोहून पुढे पळत नाही. मधली धार वेगवान, काठाचं पाणी हळू. धारेत पडलेली दोरी पोट काढते आणि काठाजवळच्या माशीला ओढत नेते. मासा वर येतो, बघतो, परत जातो. लोक माशी बदलत बसतात, दहा-दहा माश्या बदलतात, आणि दोष असतो तो या ओढीचा. दोरी पाण्यावर पडताच काठीचं टोक उचलून दोरीचं पोट वरच्या बाजूला, धारेच्या उलट टाकायचं. माशी हलवायची नाही. एवढ्याने तीन-चार सेकंद मिळतात, आणि बॅरिलियसला तेवढे खूप झाले.

तो घेतो तेव्हा पाण्यावर पावसाचा थेंब पडल्यासारखा ठिपका उठतो. मनगट नुसतं उचला. जोरात ओढलंत तर एवढासा मासा हवेतून काठावर येऊन पडेल.

(दृश्य: पाण्यातच धरलेला मासा. ओला हात. बिनकाट्याचा गळ अलगद सुटतो.)

हात ओला हवा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तिथे बुरशी धरते. गळ काढायचा तो मासा पाण्यातच ठेवून. मग धारेकडे तोंड करून सोडायचा, स्वतःहून निघेपर्यंत खालून आधार द्यायचा. महाशीर असेल तर ओढाताण लांबवू नये. बारीक तंगुसावर त्याला दमवत राहणं म्हणजे गरम पाण्यात त्याचा जीव घेणं. थर्मामीटर तीस अंश दाखवायला लागला की दोरी गुंडाळावी. सकाळी नऊनंतर बहुधा ती वेळ येतेच.

चिलापीचं वेगळं. ही बाहेरून आलेली, आपल्या माशांची जागा खाणारी. उथळ, संथ पाण्यात तळाशी परातीएवढे गोल खळगे दिसले की ती नरांची घरटी. खळग्यात बुडणारी छोटी तपकिरी निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी बांधलेली माशी, सोडली की नर ती खाण्यासाठी नाही, हाकलण्यासाठी तोंडात धरतो. ही घरी न्यायला हरकत नाही, पण वरच्या, स्वच्छ पाण्यातली. शहराच्या सांडपाण्याखालची नको.

(दृश्य: नदीच्या मधला खडक. पाण्याची पातळी हळूहळू चढतेय.)

धरणातून विसर्ग वाढला की पाणी आवाज न करता चढतं. कोरड्या दगडाची ओली कड वर सरकताना दिसली, वाहत्या पाण्यात अचानक पालापाचोळा यायला लागला, की लगेच काठ गाठावा. मधल्या खडकावर उभं राहून मासेमारी करूच नये.

(दृश्य: संध्याकाळ. ढग दाटलेत. दिव्याभोवती पंखवाली वाळवी.)

मे संपता संपता वळवाची एक सर पडते आणि त्या संध्याकाळी वारुळांतून वाळवीची पाखरं उठतात. हजारोंनी पाण्यावर पडतात. मग बॅरिलियस, चिलापी, महाशीर, सगळे एकाच वेळी वर येतात. फोम तपकिरी घ्या, कमरेवर पांढऱ्या सुताचे दोन पंख आडवे बांधा, गळाच्या लांबीइतकेच. त्याहून लांब केले तर माशी हवेत भिरभिरते आणि लीडरला पीळ बसतो. अर्धा-पाऊण तास हा खेळ चालतो, पंख गळून पाण्यावर तरंगायला लागले की संपतो.

त्यानंतर मोठा पाऊस येतो, पाणी तांबडं होतं आणि मासे अंडी घालायला उलटे चढतात. याला वलगण म्हणतात. पोटात अंडी असलेल्या माशावर माशी टाकायची नसते. दोरी साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, कापडाने पुसून, सैल वेटोळी करून ठेवायची. रिळावर घट्ट गुंडाळून ठेवली तर पुढच्या उन्हाळ्यात ती स्प्रिंगसारखी उडते.

(दृश्य: तांबडं पाणी. खळाळाच्या वर उडी घेणारा एक मासा. अंधार.)