रीलच्या पोटात

[रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीचं मुख. उजाडतंय. खडकावर पाच माणसं.]

काजळी नदी इथे समुद्राला मिळते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागलीय. ओसरत्या पाण्याबरोबर खाडीतली कोळंबी बाहेर पडते आणि तांबोशी मासळी तिच्या वाटेवर टपलेली असते. गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, येणाऱ्यांना ही वेळ तोंडपाठ. चौघांच्या काठीला स्पिनिंग रील आहे, म्हणजे हँडल फिरवून गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र. पाचव्या आजोबांकडे शीतपेयाची रिकामी बाटली आणि तिच्यावर गुंडाळलेलं तंगूस, गळाची नायलॉनची दोरी. आजचा पहिला मासा त्यांनाच लागला. हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी विचारायला नको.

[टेबलावर दोन रीलं, शेजारी त्यांची खोकी.]

ही दोन्ही रीलं अडीच हजारांच्या आसपासची. दोन्हींवर आकार लिहिलाय ४०००. डावीकडच्या खोक्यावर १२+१ बेअरिंग, उजवीकडच्यावर ३+१. दुकानात हात आपोआप डावीकडे जातो. आमचाही गेला. दिवाळीत घेतलं, शिमग्याला खरखरायला लागलं.

[स्क्रू सुटतायत. कॅमेरा अगदी जवळ.]

दुरुस्तीवाले काका पहिला प्रश्न एकच विचारतात, "धुतलंस काय रे कधी?" उत्तराची वाट न बघता झाकण उघडतात. आत ग्रीस आहे, पण राखाडी झालेलं. आता स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाकडे बघा. टोकाला चुंबक आहे, आणि त्याला काळे कण चिकटून वर येतायत. ही मांडवी किनाऱ्याची काळी वाळू. तिच्यात लोहखनिज असतं. रील वाळूवर ठेवून आपण चहा प्यायला गेलो, त्या दिवसाची ही आठवण.

बारापैकी चार बेअरिंगं गंजलीत. पण खरा घात केला तो या इवल्याशा चाकाने, लाइन रोलरने. तंगूस गुंडाळलं जाताना याच्यावरून वळतं. हा फिरायचा थांबला की तंगूस एकाच जागी घासत राहतं. ही बघा खाच, नखाला लागते.

[कापडगिरणीतल्या कांड्यांची जुनी छायाचित्रं.]

या यंत्राचा मूळ विचार कापडगिरणीतला आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. गिरणीत सूत कांडीच्या टोकावरून सरसर सुटतं, कांडी जागची हलत नाही. तेच त्याने गळाच्या दोरीला लावलं. त्याआधीच्या बहुतेक रीळांत दोरी सोडताना अख्खं रीळ फिरायचं, त्यामुळे हलकं आमिष लांब जायचं नाही आणि गुंता ठरलेला. आपल्या रत्नागिरीची कितीतरी घरं मुंबईच्या गिरण्यांत कांड्या भरून चालली. त्यांच्या नातवंडांच्या हातात आज हे रील आहे, आणि फेकल्यावर दोरी सुटते ती अजून तशीच.

हँडलचा एक फेरा झाला की रोटरचे, म्हणजे भोवती फिरून दोरी गुंडाळणाऱ्या भागाचे, ५.२ फेरे होतात. खोक्यावर ५.२:१ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच.

[दुकानाचा काउंटर. हातात रील.]

मग घ्यायचं कुठलं? बेअरिंगचा आकडा विसरा. दुकानदाराकडून हातभर तंगूस मागून घ्या, रोलरवरून ओढा. रोलर फिरतोय का ते बघा. रोटर धरून हँडल हलवा, लटपट जाणवली तर परत ठेवा. सगळ्यात महत्त्वाचा तो ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी ताणाखाली सोडणारा ब्रेक. वरचं गोल बटण फिरवून तो थोडा आवळा आणि तंगूस हळू ओढा. एकसारखं सुटलं पाहिजे. आधी अडकून मग झटक्याने सुटत असेल, तर तो झटका पुढे मासा देईल आणि तंगूस तुटेल.

थोडे पैसे जास्त असतील तर कार्बनच्या चकत्यांचा ड्रॅग बघा. पेन नावाच्या रील कंपनीच्या परसूट मालिकेत त्या येतात. दाइवा कंपनीच्या बीजी रीलची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, पण त्याची किंमत आपल्या आजच्या विषयात बसत नाही. आणि एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ४००० एवढंच असेल असं धरून चालू नका. खाडीसाठी लहान, खडकावरून मोठं, आणि काठीला लावून हातात तोलून.

[वजनकाट्याला अडकवलेलं तंगूस.]

दहा किलोचा ताण सोसणारं तंगूस असेल तर ड्रॅग अडीच-तीन किलोवर सुटायला हवा. घरचा ताणकाटा पुरतो.

[खडकातल्या फटीत अडकलेलं तंगूस.]

तुटलेलं तंगूस असं मागे राहतं आणि गळ तोंडात घेऊन मासा जातो.

[न्हाणीघर. बादली, मग.]

हे पुन्हा ते दिवाळीवालंच रील. काकांनी चार बेअरिंगं आणि रोलर बदलला. आता घरी आल्यावर पहिलं काम हे. ड्रॅग घट्ट आवळायचा, म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही. गोडं पाणी वरून हलकेच सोडायचं. बादलीत बुडवायचं नाही, नळाची धारही मारायची नाही. फडक्याने पुसायचं, रोलरवर तेलाचा एक थेंब, मग ड्रॅग सैल करून खुंटीला टांगायचं.

[खुंटीवर रील. खाली वाळत घातलेली लुंगी. बाहेर समुद्राचा आवाज.]

उद्या सुकती सव्वासहाला.