‘पुल अप’ ऐकू आल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. चिकलठाण्याला उतरणारं विमान आपण मान वर करून पाहतो. आज त्या कॉकपिटमधल्या एका आवाजाबद्दल बोलू.

जमीन नको तितकी जवळ आली की यंत्र बोलायला लागतं. आधी ‘सिंक रेट’, म्हणजे फार झपाट्यानं खाली येताय, किंवा ‘टेरेन’, म्हणजे जमीन. तरी फरक पडला नाही, तर ‘पुल अप’, म्हणजे नाक वर खेचा. जुनं यंत्र रेडिओ लहरींनी फक्त पोटाखालची जमीन मोजायचं. समोर देवगिरीसारखा तासलेला कडा आला, तर त्याला पत्ता लागेपर्यंत फार उशीर झालेला असायचा. १९९०च्या दशकात आलेल्या यंत्राच्या पोटात डोंगरदऱ्यांचा नकाशाच असतो. ते साधारण मिनिटभर आधी सावध करतं आणि अर्धा मिनिट उरला की ओरडतं.

अर्धा मिनिट पुष्कळ वाटतो. पण मिनिटाला १५०० फूट उतरणारं विमान सेकंदाला २५ फूट खाली येतं. दोघं वैमानिक एकमेकांच्या तोंडाकडे पाच सेकंद बघत बसले, की १२५ फूट गेले. स्वच्छ उजेडात जमीन नीट दिसत असेल तर गोष्ट वेगळी. रात्री आणि ढगात शहानिशा करत बसायचं नसतं.

ऑटोपायलट बंद. इंजिनं पूर्ण ताकदीवर. पंख सपाट, कारण कललेलं विमान चढायला कमी पडतं. नाक वर: बोइंगमध्ये आधी २० अंशांपर्यंत, एअरबसमध्ये साइडस्टिक, म्हणजे बाजूचा छोटा दांडा, पूर्ण मागे. चाकं आणि फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, आहेत तसेच राहू द्यायचे. चाकं आत घेताना दारं उघडतात आणि हवेचा अडथळा वाढतो, फ्लॅप्स मिटले तर पंखांची उचल घटते. दुसरा वैमानिक उंची मोठ्यानं सांगत राहतो. कंट्रोलरला नंतर सांगितलं तरी चालतं.

हमखास विसरतात ते स्पीडब्रेक, पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या. २० डिसेंबर १९९५ला कोलंबियात कालीजवळ बोइंग ७५७ला इशारा मिळाला. वैमानिकांनी ताकद दिली, नाक उचललं, पण उतरताना उघडलेल्या फळ्या तशाच राहिल्या. साधारण १२ सेकंदांत विमान डोंगरमाथ्याजवळ आदळलं. १५९ माणसं गेली. फळ्या लगेच मिटल्या असत्या, तर कदाचित ते माथ्यावरून निघून गेलं असतं.

इशाऱ्यावर विश्वास का बसत नाही? समोरचा उंचीमापक सगळं ठीक दाखवतो म्हणून. तो हवेच्या दाबावर चालतो. वरच्या उंचीवर त्यात १०१३ हेक्टोपास्कल हा ठरलेला दाब लावलेला असतो. उतरताना स्थानिक दाब लावायचा. पावसाळ्यात आपल्याकडे तो १००३च्या आसपास येतो. बदलायचं राहिलं, तर एका आकड्याला २७ फूट या हिशेबानं काटा जवळपास २७० फूट जास्त दाखवतो. चिकलठाण्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर, आणि उत्तरेला वेरूळ-अजिंठ्याचे डोंगर. नवं यंत्र जीपीएसची उंचीही धरतं, त्यामुळे या चुकीला सहसा फसत नाही. तेव्हा काटा आणि यंत्र भांडले, तर आधी यंत्राचं ऐकायचं. काटा वर जाऊन तपासता येतो.