कपाचं बूड

नमस्कार. तुमच्या खुर्चीवर एक कोरा कागद आणि पेन ठेवलंय. ते सध्या तिथेच राहू द्या, शेवटी लागेल.

मी चित्र काढायला लागलो तेव्हा चाळिशी कधीच उलटून गेली होती. त्याआधी कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर द्यायचो, "छे हो, मला साधी सरळ रेघ काढता येत नाही." आता कळतं, हाताने सरळ रेघ फारशी कुणालाच येत नाही आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. पट्टी असतेच. अडतं ते भलतीकडेच.

माझ्या पहिल्या वहीतलं पहिलं चित्र एका कपाचं आहे. वरचा काठ बरा लंबगोल जमलाय. बाजू खाली उतरल्यात आणि बूड मात्र एकदम सपाट, कुऱ्हाडीने तोडल्यासारखं. का? तर कप टेबलावर नीट बसतो, म्हणजे तो खालून सपाट असणार, हे मला माहीत होतं. डोळे सांगत होते की खालची कड वळलेली आहे. पण डोळ्यांचं ऐकतो कोण! गंमत अशी, की आपण जरा वरून बघत असलो तर बुडाचा वळसा काठाच्या वळशाहूनही थोडा फुगीर दिसतो, कारण तो नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असतो. कप हळूहळू डोळ्यांसमोर उचला, काठाचा लंबगोल मिटत मिटत नुसती रेघ होतो. मी हे आधी वाचलेलं होतं, बरं का. तरी गळी उतरायला अकरा कप लागले.

चेहऱ्याचंही तेच. नवशिक्यांच्या चित्रात डोळे बहुधा कपाळावर चढलेले असतात. आरशासमोर उभं राहून पेन्सिलीने मोजून बघा, टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात. आपल्याला रस डोळ्यांत, ओठांत. कपाळात आणि केसांत कुणाला रस? मग ज्यात रस नाही ती जागा हात गुपचूप कापून टाकतो.

मोठ्यांची खरी पंचाईत पुढे आहे. लहान मूल ठोकळ्यासारखं माणूस काढतं आणि खूश होतं. आपण शाळेत ज्या वयात चित्र सोडलं, त्या वयावर आपला हात थांबलेला असतो. नजर मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं उत्तम चित्रं, फोटो, छापील पानं बघून चोखंदळ झालेली. हात दहा वर्षांचा, टीकाकार पन्नाशीचा. ही जोडी एका कागदावर बसवायची म्हणजे भांडण ठरलेलंच.

त्यावर एक नामी उपाय आहे. अमेरिकन चित्रकला-शिक्षिका बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे तो जगभर पोचला. एखादं रेखाचित्र उलटं ठेवायचं, डोकं खाली पाय वर, आणि तसंच उलटं उतरवायचं. नाक, बोट, बाही ही नावं सुचेनाशी होतात आणि नुसत्या रेघा उरतात. मेंदूच्या उजव्या-डाव्या बाजूंचं त्यांचं स्पष्टीकरण आज इतक्या सरळ वाटणीत कुणी मानत नाही. ते जाऊ द्या, व्यायाम चालतो. खुर्ची काढतानाही असंच, पायांऐवजी पायांमधल्या फटी काढायच्या. फटीला नाव नसतं, त्यामुळे ती जशी दिसते तशीच कागदावर येते.

व्हॅन गॉगने १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या नमुन्यांवरून त्याने चिकाटीने नकला उतरवल्या. पुढे दोरे ताणलेली एक लाकडी चौकट करून घेतली आणि तिच्यातून बघत मापं घेतली. आपल्याकडे कुणी असं केलं की लगेच म्हणतात, ही तर लबाडी. १८९० मध्ये तो गेला, म्हणजे हाताशी मिळाली जेमतेम दहा वर्षं.

आपण रोज दहा मिनिटं धरू. वही साधी हवी. महागड्या वहीचं पहिलं पान घाबरवतं, माझी एक तशीच कोरी पडली आहे. पेन्सिलीपेक्षा पेन बरं, कारण खोडता येत नाही. चुकलेल्या रेघेच्या शेजारी दुसरी ओढायची. पानावर तारीख घाला आणि फाडू मात्र काहीही नका.

माणसं काढायची तर वाट बघत बसलेली गाठा. ती हलतात, अशी तक्रार असते. हलू देत. अर्धं चित्र सोडून शेजारी नवं सुरू करा. थोड्या वेळाने तो गृहस्थ पुन्हा पहिल्यासारखीच मान टेकवतो, तेव्हा पहिल्याकडे परत या. बसायच्या सवयी प्रत्येकाच्या दोन-तीनच असतात, हे मला चित्रं काढेपर्यंत ठाऊक नव्हतं.

एक धोका आधीच सांगतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात मला वाटायला लागलं, आपली चित्रं बिघडताहेत. पंधरा दिवस वही उघडलीच नाही. मग वैतागून जुनी वही काढली, तर त्यातला हात म्हणजे हातमोज्यात भरलेली पाच गाजरं! तेव्हा मात्र तो मला झकास वाटला होता. बिघडलं काहीच नव्हतं. नजर हाताच्या चार पावलं पुढे गेली होती आणि हात मागून येत होता. ही पाळी अजूनही येते. आता मी तेवढे दिवस फक्त पानं, चाव्या, चुरगळलेला रुमाल असलं काहीबाही काढतो. रुमाल चुकला हे रुमालवाल्यालासुद्धा कळत नाही.

आता तो कागद घ्या. ज्या हाताने लिहीत नाही तो हात समोर धरा, बोटं जरा वाकवून. नजर अंगठ्याच्या बुडाशी ठेवा, पेन कागदावर टेकवा, आणि नजर कडेवरून मुंगीच्या चालीने सरकेल तसं पेन सरकवा. कागदाकडे बघायचं नाही. पेन उचलायचं नाही. शेवटी करंगळी मनगटाबाहेर उगवेल, उगवू द्या. तीन मिनिटं आहेत. मीही काढतोय.