चिमट्याच्या आतल्या बाजूला

मंडळी, हा चांदीचा चिमटा जेमतेम चार तोळ्यांचा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पाहुणे आले की आजी यानं खडीसाखर वाढायची. त्याचं मूळ कामही फार वेगळं नव्हतं. विलायतेत तेव्हा साखरेचे उंच सुळके मिळत, ते फोडून खडे करायचे आणि चहाच्या वेळी असे चिमट्यानं उचलायचे.

याची जोड होती. ती आम्ही सराफाकडे मोडीत दिली. त्यानं टंच पाहिला, वजन केलं, आटवून टाकली. आत काय छापलंय हे त्यानं पाहिलं नाही आणि आम्हीही पाहिलं नाही. ते मला आजही सलतं. म्हणून हात जोडून सांगतो, मोडीत घालण्याआधी एकदा भिंगाखाली धरा.

छाप बाहेर शोधू नका. अशा कमानीच्या चिमट्यावर ते बहुधा दोन्ही पात्यांच्या आतल्या बाजूला, वाकाजवळ असतात. इथे एका पात्यावर कारागिराची आद्याक्षरं आहेत. दुसऱ्यावर पंजा उचलून चालणारा सिंह, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी लहान लिपीतला ‘ई’, आणि मग राजाचं डोकं. लंडन गावाची खूण म्हणजे बिबट्याचं डोकं, ते इथे नाही, पण त्यानं घाबरू नका. चिमट्यासारख्या लहान वस्तूंवर गावाचा छाप पुष्कळदा मारतच नसत. बर्मिंगहॅमचा असता तर जहाजाचा नांगर दिसला असता.

आता खरी गंमत त्या ‘ई’ची. लंडनमध्ये वर्षाला एक अक्षर, आणि वीस वर्षांनी माळ पुन्हा सुरू. लहान लिपीतला ‘ई’ १७८० सालचा आहे, तसाच १८२० सालचाही आहे. मग वस्तू कुठली? राजाला विचारा! चांदीवरचा कर भरल्याची ती खूण १७८४ साली सुरू झाली आणि १८९० पर्यंत चालली. राजा आहे, म्हणजे १७८० बाद. आमचा चिमटा १८२० चा ठरला. सिंहानंही तोंड आपल्याकडे वळवलंय. लंडनच्या सिंहाची ती ढब १८२१ पर्यंतचीच, म्हणजे साक्ष जुळली.

चार चौकटींत ई, पी, एन, एस अशी अक्षरं दिसली, तर तो निकेलच्या मिश्रधातूवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. लांबून अगदी छापच वाटतो. ब्रिटिश अमदानीत कलकत्ता, मद्रासलाही उत्तम चांदीकाम झालं. पण इथे विलायतेसारखं सरकारी तपासणी कार्यालय नव्हतं, त्यामुळे तिथे कारागिराचं किंवा पेढीचं नावच पाहायचं. आपल्याकडे चांदीला हॉलमार्क आला तो २००५ साली.

एक मात्र कळवळून सांगतो. रांगोळीनं घासू नका. आधी सिंहाचं तोंड झिजतं, मग अक्षर, आणि अक्षर गेलं की सालही गेलं. मऊ फडकं पुरे.

पहिल्या रांगेपासून भिंग आणि चिमटा फिरवतो. पाती ताणू नका, वाकाला जुना डाग दिलेला आहे. खिडकीकडे तोंड करून जरा तिरका धरा, म्हणजे सिंह दिसेल.